यादीत नसलेला नकार

संग्राम पोवारनं ‘नको’ म्हटलं तेव्हा खोलीत आणखी तिघं होते, आणि तिघांनीही ते नीट ऐकलं होतं. डॉक्टर खुर्चीत पुढं झुकून बसले होते. टॅब्लेट घेतलेली नर्स भिंतीला टेकून उभी होती. वृषाली, त्याची बायको, त्याच्या पायांवरची चादर सारखी करत होती. उशीजवळच्या खोक्यातून त्याच्याच आवाजात शब्द आला, "नको." नर्सनं तो टाइप केला आणि बटण दाबलं.

"त्यांना नको असेल तर नको," वृषाली म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ते चालू झालं.

कोल्हापुरात फुटबॉल बघणारा माणूस संग्रामला ओळखत नाही असं व्हायचं नाही. आधी डावीकडून सुसाट पळणारा खेळाडू, मग पेठेतल्या संघाचा प्रशिक्षक. मैदानाच्या कडेला उभा राहून तो असा ओरडायचा की पलीकडच्या गोलकीपरलाही ऐकू जावं. साठी ओलांडल्यावर एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तो पुढं कोसळला. मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, शुद्ध शाबूत राहिली, ऐकू येत होतं, कळत होतं. पण मानेखालचं सगळं अंग, ओठ, जीभ, जबडा, काही हलेना. हलत होते फक्त डोळे, तेही वरखाली.

पहिले काही महिने अक्षरांच्या तक्त्यावर गेले. पारदर्शक पाटीवर अक्षरांच्या ओळी असायच्या, समोरचा एकेका ओळीवर बोट ठेवायचा, संग्रामनं वर बघितलं की ती ओळ, मग त्या ओळीतलं अक्षर. ‘पाणी’ म्हणायला चहा गार व्हायचा.

मग शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या ज्या भागातून ओठांना, जिभेला, स्वरयंत्राला हुकूम सुटतात, त्या भागावर डॉक्टरांनी कपाळावरच्या टिकलीएवढी, तितकीच पातळ जाळी बसवली. माणूस बोलू पाहतो तेव्हा हे हुकूम सुटतातच. संग्रामचेही सुटत होते, फक्त खाली जाणारा रस्ता तुटला होता. जाळी ते हुकूम वरच्या वर टिपायची. ‘प’ म्हणताना विजेची कोणती नक्षी उमटते, ‘म’ म्हणताना कोणती, हे संगणकानं त्याच्याकडून पुन्हा पुन्हा गिरवून घेतलं. आता संग्रामनं एखादा शब्द मनापासून बोलायचा प्रयत्न केला की तो पडद्यावर यायचा. बरोबर असेल तर त्यानं वर बघायचं, आणि मगच उशीजवळचं खोकं तो शब्द उच्चारायचं. जुन्या ध्वनिमुद्रणांवरून त्याचा आवाजही बनवला होता. एक वाक्य व्हायला खूप वेळ लागायचा आणि शेवटी डोकं ठणकायचं. पण त्याला मोकळं वाटायचं. पहिल्याच दिवशी त्यानं "मिशी वाकडी कापली" अशी तक्रार केली होती आणि वृषाली हसता हसता रडली होती.

डॉक्टर जे विचारायला आले होते ती पुढची पायरी होती. तिला ‘पूरक वाचा’ म्हणत. संग्रामनं एकदोन शब्द सुरू केले की यंत्र त्याच्या जुन्या बोलण्यावरून उरलेलं वाक्य ओळखणार, पुरं करणार, आणि त्यानं वर बघायची वाट न पाहता बोलून टाकणार. डॉक्टर म्हणाले, संभाषण जवळजवळ नेहमीसारखं होईल. अर्जावरचा प्रश्न होता, ‘पूरक वाचा चालू करायची का?’

संग्रामला आपलं वाक्य दुसऱ्यानं पुरं केलेलं कधीच खपलं नव्हतं. तो म्हणाला होता, नको.

चालू झालं त्या दिवशी त्याला उकडत होतं. ‘पंखा वाढव’ म्हणावं म्हणून त्यानं ‘पंखा’ हा शब्द जुळवला, आणि खोकं बोललं, "पंखा जरा कमी करूया का? तुला वाऱ्यानं डोकं दुखतं ना?"

भाजी निवडणारी वृषाली थांबली. तिनं खोक्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. मग हळूच उठून पंखा कमी केला.

संग्रामला काही कळेना. हे मी म्हटलेलं नाही, असं सांगायला त्यानं जीव एकवटला. ‘हे मी’ इतकं उमटलं आणि खोकं म्हणालं, "हे मी तुला कधी सांगितलं नाही, खरं तुझ्या हातच्या आमटीला तोड नाही." तो पुन्हा ‘नको’ म्हणाला, नुसतं नको. खोक्यातून आलं, "नको काळजी करूस. होईल सगळं ठीक. मी आहे ना."

जितकं जोरात तो नकार देई, तितका त्याचा आवाज गोड होई. चेहरा तर हलतच नव्हता, त्यामुळं आतला संताप बाहेर पोचायला वाट उरली नव्हती. डोळे वरखाली फिरवून त्यानं खुणा करून पाहिल्या. पण आता त्याच्या डोळ्यांकडे बघायची कुणाला गरज वाटत नव्हती. बोलणं खोक्यातून येत होतं, सगळे तिकडेच बघत.

चादर सारखी करणारी ती बाई त्याला पुन्हा पुन्हा आठवायची. ‘त्यांना नको असेल तर नको.’ तोंडावर असं म्हणून, बाहेर जाऊन हिनंच सही केली असणार. दुसरं कोण करणार? नवऱ्यानं नको म्हटलेलं हिनं ऐकलं, मान हलवली, आणि मागच्या मागं हवं ते करून घेतलं. सगळा संसार त्यानं या एका नव्या उजेडात उलगडून बघितला आणि त्याला जागोजागी तिच्या गप्प बसण्याचा संशय येऊ लागला.

घर मात्र बदललं होतं. शेजारच्या बायका दुपारी येऊन बसायच्या. "बघा की, किती छान बोलतात आता," वृषाली सांगायची. त्या ‘दादा, कसं वाटतंय?’ विचारायच्या आणि खोकं त्यांच्या पोराबाळांची, गुडघेदुखीची चौकशी करायचं. संग्राम आतमध्ये शिव्या देत पडलेला असायचा.

बायका गेल्या की वृषाली खुर्ची खोक्याजवळ ओढून बसे. आधी ती दिवसभराचं काहीबाही सांगायची. मग हळूहळू जुनं सांगू लागली. एका दुपारी म्हणाली, "लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला पुण्याला बोलावलं होतं, माहीत आहे? क्रीडासंकुलात पोहण्याची प्रशिक्षक म्हणून. पत्र मी तुम्हाला दाखवलंच नाही. तुमचा हंगाम चालू होता."

संग्रामला हे ठाऊक नव्हतं. ती पोहायची, तलावावर मुलींना शिकवायची, एवढंच त्याला माहीत होतं. ‘का’ एवढंच त्याला विचारायचं होतं. का दाखवलं नाहीस?

खोकं म्हणालं, "काय नाही केलंस तू माझ्यासाठी! तुझ्यासारखी तूच."

वृषालीनं डोळे टिपले आणि ती गोष्ट तिथंच संपली. अशा दुपारी कितीतरी गेल्या. त्याला वाटायचं, ही माझ्यासमोर दुसऱ्या कुणाशी संसार करते आहे, आणि मला त्याच खोलीत खिळवून ठेवलंय.

एका रविवारी सकाळी निवास चौगुले आला. निवास त्याचा लहानपणापासूनचा मित्र, पण पुढं पंच झाला आणि एका अंतिम सामन्यात त्यानं संग्रामच्या संघाविरुद्ध पेनल्टी दिली. संघ हरला. त्यावरून दोघं वर्षानुवर्षं भांडत होते. एकत्र चहा पीत आणि भांडत. संग्राम आजारी पडला तेव्हा तक्ता धरून सगळ्यात जास्त वेळ बसला होता तो निवासच. नंतर तो मुलाकडे नागपूरला गेला होता. परतल्या परतल्या आला.

"काय लेका, बोलाय लागलास म्हणं! मग आता सांग, ती पेनल्टी होती का नव्हती?"

संग्रामच्या मनात हसू फुटलं. त्यानं सुरुवात केली, ‘निवास, ती...’

"निवास, ती पेनल्टीच होती रे," खोकं म्हणालं. "तुझं बरोबर होतं. मीच उगा ताणलं इतकी वर्षं. माफ कर."

निवासचे डोळे भरून आले. त्यानं संग्रामच्या निर्जीव हातावर थोपटलं, इकडचं तिकडचं बोलला आणि उठला. दारात जाऊन चपला घालू लागला. एक चप्पल पायात, एक हातात, असा तो थोडा वेळ उभा राहिला. मग दोन्ही काढून परत आत आला.

"वहिनी, हे कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? तेच की."

"ह्यो मरंल खरं पेनल्टी कबूल करायचा नाही," निवास म्हणाला. "तक्ता कुठाय तो?"

तक्ता कपाटावर होता. निवासनं तो झटकून संग्रामच्या डोळ्यांसमोर धरला, खोक्याचा आवाज बंद केला आणि ओळींवरून बोट फिरवू लागला. संग्रामची नजर इतकी घाईनं वर जात होती की दोनदा अक्षर चुकलं. पहिला शब्द झाला: मी. दुसरा: नाही. तिसरा: बोलत.

"मी नाही बोलत," निवासनं मोठ्यानं वाचलं.

स्वयंपाकघराच्या दारात वृषाली चहाचे कप घेऊन उभी होती. कप टेबलावर ठेवताना चहा बशीत सांडला.

निवासनं पुढं बोट फिरवलं. संग्रामनं विचारलं ते दोनच शब्दांत: सही कुणाची.

"माझी नाही," वृषाली पटकन म्हणाली. "शपथ घेऊन सांगते. मी कुठल्याच कागदावर सही केलेली नाही. त्या दिवशी नर्सनं ‘नको’च लिहिलं, मी बघितलंय."

संग्रामनं डोळे मिटून घेतले. तक्त्यावर भांडता येत नाही.

निवासनं रुग्णालयात फोनवर मैदानातला आवाज लावला आणि आठवडा संपायच्या आत कंपनीची इंजिनिअर घरी आली. ऋतुजा देसले तिचं नाव, मूळची धुळ्याची. आल्याबरोबर तिनं आधी पूरक वाचा बंद केली. मग लॅपटॉप उघडून बराच वेळ काहीतरी वाचत राहिली. वाचता वाचता तिनं हात कपाळावर नेला.

"काका," ती संग्रामकडे वळून म्हणाली, खोक्याकडे नाही. "तुम्ही ‘नको’ म्हणालात आणि आमच्याकडे ‘नको’ हाच शब्द पोचलाय. जसाच्या तसा. पण पुढं जो प्रोग्रॅम आहे ना, त्याला शब्द कळत नाहीत. त्याच्यापुढं फक्त एक फाटा असतो. खरं की खोटं. खरं असेल तर चालू कर, खोटं असेल तर बंद ठेव. अर्जात येतो मजकूर. त्या मजकुराचं खरं किंवा खोटं कुणीतरी करून द्यावं लागतं."

"मग?" निवासनं विचारलं.

"त्याचा सोपा नियम असा असतो, की रकाना रिकामा असेल तर खोटं, काहीही लिहिलेलं असेल तर खरं. यंत्राच्या लेखी ‘काहीतरी आहे’ म्हणजेच ‘हो’. पण माणूस ‘नो’ असंही लिहितो, मग ते खरं धरलं तर पंचाईत. म्हणून आमच्या लोकांनी नकाराच्या शब्दांची यादी केली. इंग्रजीतले शब्द, शून्याचा आकडा, हिंदीतलं ‘नहीं’. मराठीसाठी ‘नाही’ घातलं." ती पुन्हा संग्रामकडे वळली. "तुम्ही ‘नाही’ म्हणाला असता तर ते कधीच चालू झालं नसतं. ज्यानं यादी केली त्याला मराठी येत नव्हती. त्याला वाटलं, एका भाषेत नकाराला एकच शब्द असणार."

"‘करायचं का’ विचारल्यावर कोण ‘नाही’ म्हणंल?" निवास उसळला. "नकोच म्हणणार माणूस!"

"हो. मी असते तर मीही नकोच म्हटलं असतं. माझ्याकडे ती यादी कुणी दाखवायला आणली नाही."

संग्राम ऐकत होता. इतके महिने त्यानं बायकोला ज्या गुन्ह्यासाठी आत फासावर चढवलं होतं, तो तिनं केलाच नव्हता. छातीवरची शिळा कुणी उचलावी तसं त्याला वाटलं, आणि त्यामागोमाग शरम वाटली. तो वृषालीला शोधू लागला. ती त्याच्या नजरेच्या टप्प्यात नव्हती.

"आणि हे आम्हाला आधीच सापडलं होतं," ऋतुजा म्हणाली. "दिवाळीनंतर. यादी दुरुस्त केली तेव्हाच. पण ज्यांचं चालू होऊन गेलं होतं त्यांचं काय करायचं? रुग्णालाच विचारावं तर उत्तर पूरक वाचा देणार. म्हणून प्रत्येक घरी फोन केला, जवळच्या माणसाला विचारलं. सगळं समजावून सांगितलं, की त्यांनी नकार दिला होता, आमच्या चुकीनं चालू झालंय, बंद करायचं का. बहुतेक घरांनी राहू दे म्हटलं." तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "तुमच्याकडूनही आलंय ना, काकू? ‘राहू दे, बरं चाललंय’."

ऋतुजानं मान वर केली, एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं.

निवासनं तिला हळूच बाहेर चलायची खूण केली. जाताना तो वृषालीसमोर क्षणभर थांबला. मग त्यानं दार ओढून घेतलं.

खोलीत दोघंच उरली. खोकं गप्प होतं. वृषाली पलंगाच्या पायथ्याशी आली, म्हणजे आता ती त्याला दिसत होती.

"मला फोनच्या आधीच कळलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. पंख्याचं म्हणालात तेव्हा. माझं डोकं वाऱ्यानं दुखतं हे तुम्हाला माहीत तरी होतं का?"

संग्रामची नजर खाली गेली.

"तुमच्या आवाजासाठी मी संघातल्या पोरांच्या ग्रुपवरची तुमची रेकॉर्डिंगं दिली होती कंपनीला. हजारो होती. मी सगळी ऐकली देताना. जेवलास का रे, तुला वाऱ्यानं डोकं दुखतं ना, नको काळजी करूस, मी आहे ना. पोरांशी असं बोलायचात तुम्ही. मला माहीतच नव्हतं की तुम्हाला असं बोलता येतं." तिनं खोक्याकडे बोट केलं. "ते यंत्र काही बनवून बोलत नव्हतं. तुमचंच होतं सगळं. फक्त माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मग कंपनीतल्या पोरीनं फोनवर विचारलं, बंद करायचं का. मी म्हटलं, राहू दे."

मग ती म्हणाली, "वाईट केलं मी. तुम्ही आत आहात हे माहीत असून केलं."

संग्रामनं बोलायला सुरुवात केली. इतक्या महिन्यांत त्यानं आतल्या आत मोठमोठी भाषणं रचून ठेवली होती, तिला गप्प करतील अशी. पण आता प्रत्येक शब्दाला अंगातली सगळी ताकद लागत होती आणि त्या भाषणांतलं एकही वाक्य तेवढ्या मोलाचं वाटेना. पडद्यावर एक शब्द आला. तो चुकीचा होता, त्यानं नजर खाली नेऊन पुसला. पुन्हा जुळवला. वृषाली पडद्याकडे बघत उभी राहिली.

खोकं एकेक शब्द सुटा सुटा बोललं.

"मी. सगळं. ऐकत. होतो."

वृषालीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. खुर्ची ओढून खोक्याला सांगितलेल्या सगळ्या दुपारी तिच्यासमोर उभ्या राहिल्या असाव्यात. ती वळली आणि आत गेली. स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आवाज आला. पाणी बराच वेळ नुसतं वाहत राहिलं. मग नळ बंद झाला.

ती परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पदराची कड ओली होती. तिनं खुर्ची उचलून पलंगाच्या अगदी समोर ठेवली आणि पडद्याकडे पाठ करून, त्याच्या डोळ्यांकडे बघत बसली.

"रागावलायत," ती म्हणाली.

त्यानं वर बघितलं. हो.

"मग बोला. मी कुठं जात नाही. वेळ लागू दे."

तो बोलला. पुण्याचं पत्र का लपवलंस, इथून त्यानं सुरुवात केली, आणि त्या एका प्रश्नालाच ऊन खिडकीतून भिंतीवर सरकलं. तिनं उत्तर दिलं, ते त्याला पटलं नाही, त्यानं तसं सांगितलं. मग तिचाही पारा चढला. तो शब्द जुळवत असताना ती मध्ये बोलायला जाई, स्वतःला आवरी, पदराशी चाळा करत थांबे. मग खोक्यातून दोन शब्द येत आणि ती तावातावानं उत्तर देई.

दुपारी शेजारची बाई नेहमीसारखी डोकावली आणि वृषालीचा चढलेला आवाज ऐकून दारातच थबकली.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही," वृषाली मागं न बघता म्हणाली. "आम्ही भांडतोय. उद्या या."